विमानतळाची नोकरी मोबाईलवर आली, पण कुणासाठी?

मोबाईलवर 'विमानतळ नोकरी' शोधा. लगेच जाहिराती येतात: दहावी पास, पगार तीस हजार, मुलाखत फोनवर, आधी नोंदणी शुल्क भरा. वस्तीतला मुलगा आईच्या बचत गटातून कर्ज काढून ते भरतो आणि दुसऱ्या दिवशी तो नंबर बंद लागतो. त्याला मूर्ख म्हणणे सोपे आहे. पण खरी भरती कुठे निघते, हे त्याला सांगितले कुणी? माहिती हीसुद्धा इस्टेट आहे, आणि ती आजही ठराविक घरांतच वारसाने मिळते.

भारतीय विमानतळ प्राधिकरण ही केंद्र सरकारची संस्था आहे. तिची भरती तिच्याच संकेतस्थळावर जाहीर होते. हवाई वाहतूक नियंत्रणातील कनिष्ठ कार्यकारी पदाला गणित-भौतिकशास्त्रासह बी.एस्सी. चालते, अनुभव लागत नाही. वयोमर्यादा २७, अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षांची सवलत आणि परीक्षा शुल्क माफ. म्हणजे जिथे शुल्क माफ आहे तिथे आपला मुलगा अर्ज करत नाही, आणि जिथे नोकरीच खोटी आहे तिथे पैसे भरतो!

काही शहाणे म्हणतात, सगळे ऑनलाईन झाले, आता संधी समान. खरेच? एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी टाटा समूहाकडे गेली आणि तिथल्या भरतीला आरक्षणाचे बंधन उरले नाही. अर्जाची खिडकी सर्वांना उघडी दिसते, पण आत कोणाला घ्यायचे हे कोण ठरवते? जुलै २०२४ मध्ये मुंबईत कालिन्याला विमानतळावरच्या सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामासाठी हजारो तरुणांची झुंबड उडाली. त्यात पदवीधरही होते. समान संधीचे हे चित्र आहे काय?

म्हणून खासगी क्षेत्रातील आरक्षणाची मागणी सोडायची नाही. पण तोवर हातावर हात ठेवूनही बसायचे नाही. प्रत्येक विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ संगणक लावा. मूळ जाहिरात मुलामुलींसोबत ओळ न ओळ वाचा. जातीचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यात आधीच काढून ठेवा. शेवटच्या तारखेला धावपळ नको. नोकरीसाठी पैसे मागणाऱ्याचा नंबर सायबर पोलिसांना द्या.

जयंतीच्या डीजेचा खर्च एका वर्षी वाचवला तरी एवढे सहज होईल. बाबासाहेबांना वंदन करण्याची ही पद्धत अधिक खरी नाही का?

जय भीम!