काही झालंच नाही!

आमच्या गिरगावातल्या चाळीत एक अण्णा आहेत. मॅच बघून आले, की ‘काय झालं?’ या प्रश्नाला त्यांची दोनच उत्तरं असतात. सिक्सर बसल्या असतील तर ‘मजा आली!’ आणि नसतील तर ‘काही झालंच नाही हो, नुसत्या ओव्हरी टाकत होते!’

हे दुसरं उत्तर ऐकलं, की माझं डोकं फिरतं.

परवा मी त्यांना बेसबॉलची गोष्ट सांगितली. त्या खेळात नऊ डावांत बरोबरी झाली, की जादा डाव खेळतात. १ मे १९२० रोजी बॉस्टनमध्ये ब्रुकलिनचा कॅडोर आणि बॉस्टनचा ओश्गर हे दोन गोलंदाज (तिकडे त्यांना पिचर म्हणतात) समोरासमोर आले. सहाव्या डावाअखेर १-१ झाले, आणि त्यानंतर वीस डाव दोघांनीही एकमेकांच्या संघाला एक धाव काढू दिली नाही. सव्विसाव्या डावानंतर अंधार पडला म्हणून अंपायरनं खेळ थांबवला. बदली माणूस दोघांनीही घेतला नाही. निकाल? बरोबरी!

“सव्वीस डाव आणि दोन धावा?” अण्णा कळवळले. “अहो, तिकिटाचे पैसे परत द्यायला हवे होते!”

मग मी चेपॉक काढलं. १९७३ ची रणजी फायनल, मुंबई विरुद्ध तमिळनाडू. खेळपट्टी अशी, की चेंडूनं कुठं वळावं हे चेंडूलाच ठाऊक नव्हतं. तिकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार, इकडे आमचे पद्माकर शिवलकर. मुंबई १५१ आणि ११३, तमिळनाडू ८० आणि ६१. शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ बळी घेतले. तिसऱ्या दिवशी पहिल्याच चेंडूवर सामना संपला, आणि मुंबईनं ओळीनं पंधराव्यांदा करंडक घरी आणला. अण्णांच्या हिशेबी तिथंही काही झालंच नव्हतं!

माझं म्हणणं एवढंच आहे. महिनाअखेर घरात उसनवारी करावी लागली नाही, दूध नासलं नाही, पाहुणे उपाशी गेले नाहीत, तर आपण म्हणतो, ‘या महिन्यात विशेष काही झालं नाही.’ अहो, झालं नाही कसं? ते कुणीतरी होऊ दिलं नाही! स्वयंपाकघरात उभं राहून कुणीतरी महिनाभर मेडन ओव्हरी टाकल्या. बापू नाडकर्णींनी १९६४ साली मद्रासला इंग्लंडविरुद्ध ३२ षटकांत २७ निर्धाव टाकली आणि अवघ्या पाच धावा दिल्या. बळी शून्य. म्हणून काय ते दिवसभर हवा खात होते?

शिवलकरांनी १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ बळी घेतले आणि कसोटी एकही खेळली नाही. हरियाणाच्या राजिंदर गोयलांनी ७५० घेतले, त्यांचंही तेच. विचारलं, की लोक सांगतात, “नशीब! बेदी होता ना!” बेदी मोठाच, वाद नाही. पण गावसकर आहे म्हणून दुसरा उजवा बॅट्समन नको, असं कुणी म्हटल्याचं ऐकलंय? बॅट्समन सहा चालतात, डावरे फिरकीवाले मात्र दोन झाले की गर्दी होते! निवडणाऱ्यांच्या या सवयीला नशीब म्हणणं मला मंजूर नाही. २०१७ साली बोर्डानं दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव दिला. चांगलं केलं, पण शाल पांघरून काही चेंडू वळवता येत नाही. २०२० मध्ये गोयल गेले, २०२५ च्या मार्चमध्ये शिवलकर गेले. त्या दिवशी अण्णाही हळहळले. म्हणाले, “मोठा बोलर होता हो!”

होता ना? मग अण्णा, पावसाळ्यात कांगा लीग सुरू झाली, की माझ्याबरोबर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर चला. चिखलात पाय रोवून एखादा पोरगा सहा चेंडू एका टप्प्यावर टाकील. धावफलक हलणार नाही.

तेव्हा टाळी वाजवा. तिला तिकीट नसतं.