जुनी प्रणाली आणि मूळ पाठ

लॅपटॉपवर जुनी ऑपरेटिंग सिस्टीम बसवणे हा उद्योग सहसा हौशी किंवा गतकातर मंडळींचा मानला जातो. साहित्याच्या अभ्यासकाचा त्याच्याशी काय संबंध, असे कुणी विचारले तर ते गैर नाही. आमचे मत मात्र असे, की १९९० ते २०१० या काळातील मराठी वाङ्मयाची पाठचिकित्सा करू पाहणाऱ्यास हे काम आज ना उद्या शिकावेच लागेल.

याचे कारण त्या काळच्या अक्षरजुळणीत आहे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालापासून स्थान होते. तरीही आपली पुस्तके आणि दिवाळी अंक पुढे कितीतरी वर्षे पेजमेकरमध्ये, निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टांत जुळवले जात होते. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये युनिकोड मराठीची सोय होती; पण ती आपोआप मिळत नसे, भाषेच्या पर्यायांत जाऊन मुद्दाम सुरू करावी लागे. जुन्या फॉन्टांत ‘क’ हे अक्षर म्हणून साठवलेले नसे. एखाद्या रोमन चिन्हाच्या जागी ‘क’चे चित्र बसवलेले असे. फॉन्ट नाहीसा झाला की मागे निरर्थक चिन्हांची रांग तेवढी उरते.

फॉन्ट जपून ठेवला की काम भागते असेही नाही. पेजमेकरची अखेरची आवृत्ती २००१ची आहे. शिवाय त्या काळची काही जुळणीची सॉफ्टवेअर समांतर पोर्टला लावायच्या ‘डोंगल’शिवाय उघडतच नसत, आणि ते पोर्ट नव्या लॅपटॉपला नसते. म्हणून जुना लॅपटॉप आणि त्यावर जुनी प्रणाली, अशी जोडी जमवावी लागते. त्यातही अडचणी आहेतच. एक्सपीच्या मूळ सीडीत साटा हार्ड डिस्कच्या एएचसीआय पद्धतीसाठी ड्रायव्हर नाही; बायोसमध्ये ती पद्धत बदलून आयडीई केली नाही, तर निळा पडदा येऊन काम थांबते.

एवढा खटाटोप कशासाठी? रूपांतर करणारी सॉफ्टवेअर आहेत, ती वापरावीत, असा आक्षेप येईल. ती जरूर वापरावीत. परंतु त्यांच्यावर विसंबू नये. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, तर युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचीही अशीच उलटापालट करावी लागते. या अदलाबदलीत एक नियम चुकला, की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगराच्या कवितेत समुद्र शिरतो, आणि छापलेली प्रत हाताशी नसेल तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. अप्रकाशित खर्डे, पत्रे, पहिले मसुदे यांना तर छापील प्रत असतच नाही. लेखकाने जे पान पाहिले तेच पान दाखवणारी जुनी प्रणाली हाच तेथे एकमेव साक्षीदार असतो.

परदेशी विद्यापीठांनी हे ओळखले आहे. सलमान रश्दी यांच्या कागदपत्रांबरोबर त्यांचे जुने मॅकिन्टॉश संगणकही अमेरिकेतील एमरी विद्यापीठाकडे आले. २०१० साली त्यांतील एका संगणकाचे संपूर्ण वातावरण एम्युलेटरच्या साहाय्याने अभ्यासकांसाठी खुले करण्यात आले. आपल्याकडे ही दृष्टी नाही असे म्हणवत नाही. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ पाच दशके शेकडो हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. पोथीला दिलेला तो मान आपण फ्लॉपीला आणि सीडीला द्यायला तयार नाही, एवढेच.

मराठीच्या प्रत्येक विद्यापीठीय विभागाने असा एक लॅपटॉप सिद्ध ठेवावा, अशी आमची सूचना आहे. तो इंटरनेटला मुळीच जोडू नये. एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजीच थांबली आहे. लेखक, प्रकाशक आणि अक्षरजुळणी करणारे यांच्याकडील फाइली त्यावर उघडाव्यात, प्रत्येक पानाची प्रतिमा काढून ठेवावी, मगच युनिकोड रूपांतर करावे आणि विद्यार्थ्यांकडून ते त्या प्रतिमेशी ओळीने ताडून घ्यावे. खर्च फारसा नाही. वेळ मात्र थोडा आहे, कारण घरोघरच्या कपाटांतील त्या फ्लॉपी आणि सीडी दिवसेंदिवस निकामी होत आहेत.