तांब्याची तार आणि पालमचा उंबरठा

पालम हे परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. गंगाखेडहून लोह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते लागते. मोठ्या शहरांच्या वृत्तपत्रांत त्याचे नाव छापून येते ते अवर्षण, अतिवृष्टी किंवा निवडणूक यांच्या निमित्ताने. एरवी त्याची आठवण होण्याचे कारण कोणास पडत नाही. आज ते नाव आम्ही पहिल्या पानावर घेत आहोत याचे कारण एक तार आहे. टेलिफोनची जुनी तांब्याची तार निवृत्त करून तिच्या जागी काचेचा तंतू आणण्याचे काम देशात चालू आहे. हा बदल इष्ट आहे आणि अटळही आहे. परंतु काचेचा तंतू नेमका कोणाच्या दारापर्यंत येणार, आणि तो येईतो तांब्याच्या तारेवर विसंबलेल्या घराचे काय होणार, हे प्रश्न कोणी विचारीत नाही. त्यांची उत्तरे मुंबईत बसून मिळणार नाहीत; ती पालमसारख्या गावाच्या उंबरठ्यावर उभे राहूनच शोधली पाहिजेत.

तांब्याच्या तारेस नावे ठेवणे आज सोपे आहे. तथापि तिचे ऋण विसरणे कृतघ्नपणाचे होईल. १८८२ साली मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले, त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे टेलिफोन हा शहरी प्रतिष्ठितांचा अलंकारच राहिला. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. तिने आपल्या धुळीत आणि उन्हात टिकणारी लहान ग्रामीण एक्स्चेंजे घडविली, तेव्हा कोठे ही तार खेड्याकडे वळली. पुढे एसटीडीची पिवळी पाटी गावोगाव झळकली. त्या तारेबरोबर एक अलिखित वचनही घरात आले होते. तार तुटली तर ती जोडणारा लाइनमन येईल, आणि तो न आला तर जाब विचारण्यास एक सरकारी कचेरी आहे, हे ते वचन होय. तांब्यापेक्षाही हे वचन अधिक मोलाचे होते.

२००५ च्या जानेवारीत भारत संचार निगमाने याच तारेवरून ब्रॉडबँड देण्यास आरंभ केला. वस्तुतः ही तार माणसाच्या आवाजासाठी घातलेली. आवाजाला साडेतीन हजार हर्ट्झपर्यंतची कंपने पुरतात. ब्रॉडबँडच्या पहिल्या पद्धतीला अकरा लाख लागतात, दुसरीला बावीस लाख, आणि त्यापुढच्या पद्धतीला कोट्यवधी. कंपने जितकी जलद, तितकी ती तारेत लवकर विरतात, हा निसर्गनियम आहे. म्हणूनच जाहिरातीत जी तार २४ मेगाबिटांचे आश्वासन देते, ती एक्स्चेंजपासून किलोमीटरभरात त्याच्या जवळपास जाते आणि चार-पाच किलोमीटरांवर एक-दोन मेगाबिटांवर येऊन धापा टाकते. देयक दोन्ही घरांना सारखेच येते! शिवाय हा वेग एकांगी असतो. घरात येणारी माहिती जलद, घरातून बाहेर जाणारी मात्र फार तर एक मेगाबिट. पूर्वी त्याचे कोणास काही वाटत नसे. आज विद्यार्थ्याला उत्तरपत्रिका पाठवायची असते, डॉक्टरला क्ष-किरणाचे चित्र तज्ज्ञाकडे धाडायचे असते, दुकानदाराला विवरणपत्र भरायचे असते. बाहेर जाणारी वाट अरुंद असेल तर आत येणारी रुंद असून काय उपयोग?

त्यात वार्धक्याची भर पडली आहे. मराठवाड्याची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तीत पुरलेल्या केबलचा सांधा किती वर्षे धड राहील, हे सांगण्यास अभियंता नको. रस्त्याच्या कामासाठी जेसीबी आला की केबल तुटते. ती जोडली जाते, आणि प्रत्येक जोडाबरोबर थोडा वेग कायमचा कमी होतो. तांब्याला भाव असल्याने चोरही या तारेवर टपलेला असतो. आणि जोडणारे हात तरी किती उरले? २०२० च्या ३१ जानेवारीला सुमारे ७८,५०० कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन निगमातून एकाच दिवशी बाहेर पडले. हिशेबाच्या वहीत ती बचत ठरली. परंतु कोणत्या खांबावरचा कोणता जोड पावसात बिघडतो, हे ज्यांना तोंडपाठ होते, ते ज्ञानही त्यांच्याबरोबरच निघून गेले.

मग ही जुनी तार सुधारताच येत नाही काय? काही प्रमाणात निश्चित येते. गंजलेले जोड काढावेत, खांबापासून घरापर्यंतची तार बदलावी, एक्स्चेंजपासून चौकातल्या खांबापर्यंत काचेचा तंतू आणून तांब्याचे अंतर तीन-चारशे मीटरांवर आणावे. मग त्याच तारेवरून शंभर मेगाबिटांपर्यंत वेग मिळू शकतो. परंतु दीड किलोमीटर ओलांडले की या नव्या पद्धतीचा लाभ जवळजवळ संपतो. ऑस्ट्रेलियाने हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून पाहिला. २००९ मध्ये तेथे घरोघरी तंतू नेण्याची योजना आखली गेली. २०१३ नंतर खर्च वाचविण्यासाठी तंतू गल्लीपर्यंत आणि पुढे जुने तांबे, असा मार्ग पत्करण्यात आला. २०२० च्या सप्टेंबरमध्ये त्याच यंत्रणेला तांब्याच्या जागी तंतू घालण्यासाठी नवा खर्च जाहीर करावा लागला. एकाच घरासाठी दोनदा खणण्याची चैन संपन्न देशालाही जड गेली. आपल्याला ती कशी परवडणार? ठिगळ हे तात्पुरतेच असते, त्याला वस्त्र समजू नये.

सरकारने तंतूसाठी पैसा दिला नाही, असे आम्ही म्हणणार नाही. २०११ मध्ये मंजूर झालेली आणि २०१५ पासून भारतनेट या नावाने ओळखली जाणारी योजना ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेण्यासाठीच आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्या सुधारित स्वरूपासाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले, आणि दीड कोटी ग्रामीण घरांना जोडण्या देण्याचे उद्दिष्ट ठरविले. रक्कम लहान नाही, हेतूही स्तुत्य आहे. परंतु परभणी जिल्ह्याला जायकवाडीचा डावा कालवा ठाऊक आहे. मुख्य कालव्याला पाणी सुटले म्हणजे टेलच्या शेतकऱ्याचे रान भिजले असे होत नाही; चारी नीट नसेल तर कालव्याच्या काठी उभे राहून तो केवळ पाण्याचा आवाज ऐकतो. तंतूचेही तसेच आहे. तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या पेटीत आला की सरकारच्या अहवालात गाव जोडले जाते. नागरिक मात्र पेटीत राहत नाही, घरात राहतो.

आणि पालमची अडचण आणखी वेगळी आहे. येथे आता नगरपंचायत आहे. भारतनेटचा तंतू तालुक्याच्या ठिकाणाहून निघून ग्रामपंचायतींकडे जातो, म्हणजे ज्या योजनेचा आरंभच अशा गावातून होतो, तिच्या ग्रामपंचायतींच्या यादीत ते गाव नसते. खासगी कंपन्या नफ्याच्या मागे आधी महानगरांत गेल्या, आणि लहान बाजारपेठेत आल्या तरी मुख्य रस्त्यावरच थबकतात. खेड्याच्या हिशेबात नाही आणि शहराच्याही हिशेबात नाही, अशी ही तालुक्यांची गावे ना घरची ना घाटची होऊन बसण्याचा धोका आहे.

यावर एक उत्तर ठरलेले असते: मोबाईल आहे की! २०२४ च्या मार्चअखेर देशात ब्रॉडबँडचे सुमारे ९२ कोटी ग्राहक होते आणि त्यांपैकी तारेने जोडलेले केवळ सुमारे चार कोटी, हा आकडा त्यासाठी पुढे केला जातो. मोबाईलने देशाचे कल्याण केले, हे आम्हांस मान्य आहे. परंतु मनोऱ्याचा वेग त्या परिसरातल्या सर्वांत वाटला जातो, आणि संध्याकाळी सारे गाव एकदम मागू लागले की प्रत्येकाच्या वाट्याला घोटभरच येतो. मुंबईतला सुशिक्षित गृहस्थ खिशात मोबाईल असूनही घरात तंतूची जोडणी घेतो. मुंबईला जी गरज वाटते, ती पालमला चैन कशी ठरते?

तांब्याचा एक गुण मात्र जाता जाता नोंदविला पाहिजे. त्या तारेतून टेलिफोनपुरती वीज एक्स्चेंजमधूनच येत असे. गाव अंधारात असले तरी फोन वाजत असे. तंतूतून वीज येत नाही. ब्रिटनमध्ये जुने टेलिफोनजाळे बंद करण्याची २०२५ ची मुदत जानेवारी २०२७ पर्यंत पुढे ढकलावी लागली, ती एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या आणि आजाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी. जेथे वीज क्वचित जाते तेथे ही चिंता, तर जेथे ती वारंवार जाते त्या मराठवाड्यात ती किती अधिक असली पाहिजे!

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. ज्या घरी तंतू पोचून चालू झाला नाही, त्या घराची तांब्याची तार तोडू नये, आणि तंतू आल्यावर ग्राहकाचा जुना क्रमांक कायम ठेवावा. तोवर लहान गावांतले जोड दुरुस्त करावेत आणि मिळणाऱ्या वेगाप्रमाणेच देयक आकारावे. ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी किमान दोन मेगाबिटांचा वेग हवा, ही व्याख्या २०२३ मध्ये सरकारनेच केली; तेवढाही वेग न देणाऱ्या तारेचे पैसे ब्रॉडबँडच्या नावाखाली घेऊ नयेत. तंतूच्या पेटीबरोबर काही तास पुरेल अशी बॅटरी द्यावी. घरापर्यंतचे काम स्थानिक केबलचालकाने केले तरी उत्तरदायित्व निगमाचेच असावे, दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवू नये. नगरपंचायतींची गावे योजनेत घ्यावीत. आणि यशाचे मोजमाप पंचायतीच्या भिंतीवर करू नये. ते शेवटच्या घरात, संध्याकाळी आठ वाजता करावे.

शहरातल्या वाचकाने यात लक्ष का घालावे? कारण पैसा त्याचाही आहे. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातून पाच टक्के रक्कम सार्वत्रिक सेवेच्या निधीत जाते. २०२४ पासून डिजिटल भारत निधी असे नाव धारण करणारा हा निधी आपण भरलेल्या देयकांतूनच उभा राहतो. ज्या कामासाठी तो घेतला जातो, ते काम पुरे होते की नाही हे विचारण्याचा हक्क देयक भरणाऱ्या प्रत्येकास आहे. नव्हे, ते त्याचे कर्तव्य आहे. शिवाय शासनाने अर्ज, दाखले, पीकविमा आणि परीक्षा हे सारे एकदा पडद्यावर नेल्यावर चांगली जोडणी ही सोय राहत नाही, ती नागरिकत्वाची पूर्वअट होते. अट सर्वांना घालायची आणि ती पुरी करण्याचे साधन काहींनाच द्यायचे, याला न्याय म्हणत नाहीत.

तांब्याच्या तारेने आपले काम केले. तिला सन्मानाने निरोप द्यावा. परंतु तिच्याबरोबर आलेले ते जुने वचन भंगारात निघू नये. तार कोणतीही असो, ती तुटली तर जोडायला कोणीतरी येईल, हा पालमच्या घराचा विश्वास काचेच्या तंतूलाही पेलता आला पाहिजे.