तोंडी परीक्षेचे वीस मार्क

दहावीला इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत मला वीसपैकी अठरा मार्क पडले. त्या परीक्षेत नावाशिवाय मी एकच वाक्य बोललो आणि ते खोटं होतं.

साल २०१३. बीड जिल्ह्यातलं आमचं हायस्कूल, वर्गात साठ पोरं. सरांनी नऊ-नऊ जणांना भिंतीकडेला रांगेत उभं केलं. 'व्हॉट इज युवर नेम?' सगळ्यांनी नावं सांगितली. 'व्हॉट डज युवर फादर डू?' माझ्या आधीचे सगळे म्हणाले, 'माय फादर इज अ फार्मर.' त्यांच्यातल्या काहींच्या बापाला खरंच जमीन होती. माझा बाप ऊसतोडीला. दिवाळी झाली की मुकादमाची उचल अंगावर घेऊन माय-बाप कारखान्यावर जायचे, ते उन्हाळा लागल्यावर यायचे. दोघांचा मिळून एक कोयता. जमीन बोटभर नाही. कोयता, उचल, टोळी, मुकादम याला इंग्रजीत काय म्हणावं हे दहा वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या धड्यांत शेतकरी होता, डॉक्टर होता, पोस्टमन होता. ऊसतोड्या नव्हता. मी म्हणलो, 'माय फादर इज अ फार्मर.'

सरांना माझा बाप माहीत होता. ते हसले नाहीत, रागावले नाहीत. वहीत अठरा लिहिले आणि म्हणाले, 'नेक्स्ट.'

या अठरा मार्कांसाठी मी सरांचे उपकार मानावेत असं आमच्या गल्लीतल्या शहाण्यांचं म्हणणं आहे. मी मानत नाही. ज्याला बोलायला शिकवलंच नाही त्याला बोलण्याचे मार्क देणं म्हणजे भीक आहे, आणि भिकेवर जगायचं नाही हे आम्हाला शिकवून एक माणूस कधीच गेला आहे.

सन २००० पासून या राज्यात मराठी शाळांतसुद्धा पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी ती पाचवीपासून होती. म्हणजे आमच्या पिढीला दहा वर्षं मिळाली. त्या दहा वर्षांत काय झालं? सर धडा वाचणार. ओळीखाली ओळ मराठीत सांगणार. गाईडातली उत्तरं फळ्यावर लिहिणार. आम्ही उतरवून घेणार. निबंध पाठ, पत्र पाठ, गाळलेल्या जागासुद्धा पाठ. दहा वर्षं विहिरीच्या काठावर बसवून पोहण्याचे नियम घोकून घेतले आणि अकरावीला मागून ढकलून दिलं.

कारण अकरावीचं सायन्स इंग्रजीत. मी जिल्ह्याच्या कॉलेजात गेलो. दहावीला विज्ञानात मार्क चांगले होते. मला गतिज ऊर्जा येत होती. कायनेटिक एनर्जी येत नव्हती. ती एकच आहे हे कळेपर्यंत चार धडे पुढं गेले. शंका विचारायची तर इंग्रजीत. पुढच्या बाकावरची पोरं चुकीचं इंग्रजी बोलायची पण बिनधास्त बोलायची. माझं वाक्य मनात जुळेपर्यंत तास संपायचा. दिवाळीला मी सायन्स सोडून आर्ट्‌सला आलो. कॉलेजच्या कागदावर कारणापुढं 'स्वेच्छेने' असं लिहिलंय. साली ही स्वेच्छा आमच्याच वाट्याला का येते?

आता सरकारचा खेळ बघा. २०१८-१९ ला भाषांच्या या तोंडी परीक्षेचे वीस मार्क काढून टाकले. लेखी परीक्षा शंभराची केली. दहावीचा राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. बोंबाबोंब झाली. लगेच त्याच वर्षी निर्णय फिरला, पुन्हा ८० आणि २०. मार्क गेले तेव्हा ओरडले, मार्क आले तेव्हा गप्प बसले. पोरं बोलतात का, हा प्रश्न कुणीच विचारला नाही. तेव्हाही नाही, आताही नाही. निकालाची टक्केवारी संस्थाचालकाला हवी, अधिकाऱ्याला हवी, मंत्र्याला हवी. पोराची जीभ कुणालाच नको.

यावर दोन टोळ्या आपल्याला दोन औषधं देतात.

पहिली टोळी मराठीच्या कैवाऱ्यांची. हे व्यासपीठावर मातृभाषेतून शिक्षणाचे गोडवे गातात आणि घरी नातवंडांना इंग्रजी माध्यमात घालतात. यांना सांगायचंय, बाबांनो, मराठी आम्हाला शिकवू नका. मराठी आमच्या मायच्या ओव्यांतली आहे. मी आज हे जे लिहितोय ते मराठीतच लिहितोय आणि मरेपर्यंत लिहीन. पण संस्कृत तुम्ही दाराला कुलूप लावून ठेवली होती. एल्फिन्स्टन हायस्कुलात बाबासाहेबांना संस्कृत घेऊ दिलं नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली. आता इंग्रजीचंही कुलूप तसंच. यावेळी कुलपाचं नाव 'मातृभाषेचं प्रेम' आहे एवढंच. आणि कुणी म्हणेल, मग घाला की पोरं इंग्रजी शाळेत, शिक्षणहक्काच्या पंचवीस टक्के जागा आहेत. आहेत. पण तो हक्क आठवीला संपतो. नववीला फीची पावती हातात येते. त्यातही फेब्रुवारी २०२४ मध्ये या सरकारनं नियम बदलून, जवळ सरकारी शाळा असली तर खासगी शाळांना या जागांतून मोकळं केलं होतं. जुलैमध्ये हायकोर्टानं तो बदल रद्द केला म्हणून वाचलो.

दुसरी टोळी आपल्यातलीच आहे, म्हणून तिच्यावर जास्त राग. २०१० साली उत्तर प्रदेशात लखीमपूर खिरी जिल्ह्यातल्या बांका गावात इंग्रजीदेवीचं देऊळ बांधायला घेतलं होतं. मूर्तीच्या हातात लेखणी, पायाखाली कॉम्प्युटर. प्रशासनानं काम थांबवलं. देऊळ बांधणाऱ्यांची कळकळ मी समजू शकतो. पण दोस्तहो, आपण देवांच्या रांगेतून बाहेर पडलो ते नवी देवी बसवायला? देवीला नवस करतात, तिच्याशी गप्पा मारत नाहीत. देवी झाली की चुकायची भीती आली, पुजारी आला, दक्षिणा आली. जिल्ह्याजिल्ह्यात नव्वद दिवसांत इंग्रजीचे बोर्ड लावून बसलेत ते हेच पुजारी. इंग्रजी ही वाघीण नाही, देवी नाही, मावशीपण नाही. ते हत्यार आहे. कोयत्यासारखं रोज हातात घेतलं तर चालतं, नाहीतर गंजतं.

बाबासाहेबांचं इंग्रजी आभाळातून पडलं नव्हतं. सुभेदार रामजींनी पोराला घरी बसवून भाषांतराचे पाठ गिरवून घेतले. एका मराठी शब्दाला नेमका इंग्रजी शब्द कोणता, हे घासून घेतलं. त्या सरावातून १९१९ ला साउथबरो कमिटीपुढची साक्ष आली, १९३० ची गोलमेज परिषद आली. आणि त्याच माणसानं १९२० ला 'मूकनायक' मराठीत काढला. सत्तेशी तिच्या भाषेत भांडायचं, आपल्या माणसांशी आपल्या भाषेत बोलायचं. त्यात मराठी की इंग्रजी असा झगडाच नाही. झगडा आहे तो मुकं राहायचं की बोलायचं हा. पण प्रत्येक पोराच्या घरी सुभेदार नसतो. माझा बाप सहा महिने फडात असतो. म्हणून ते काम शाळेनं करायचं असतं.

शाळा म्हणते, साठ पोरं, पस्तीस मिनिटांचा तास, कसं बोलून घेणार? हिशोब मीही करतो. एकेकाला उभं केलं तर पस्तीस सेकंद वाट्याला येतात. पण जोडीजोडीनं बसवलं तर एकाच वेळी तीस पोरं बोलतात आणि तीस ऐकतात. प्रश्नपत्रिकेत 'जोड्या लावा' छापणाऱ्यांनी वर्गात कधी जोड्या लावल्या? नाही लावल्या, कारण गोंगाट होतो. हेडमास्तरला चिडीचूप वर्ग आवडतो. आम्हाला हजार वर्षं चिडीचूपच ठेवलं होतं. आता थोडा गोंगाट सोसा.

गेली तीन वर्षं आमच्या वस्तीच्या विहारात संध्याकाळी आम्ही हेच करतो. आठवी ते दहावीची बावीस पोरं-पोरी. फळा एक, फी नाही. नियम दोन. चुकलं तरी कुणी हसायचं नाही आणि खोटं बोलायचं नाही. सुरुवात घरापासून. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं. घरात किती माणसं, पाणी कुठून आणता, मुकादमाकडं उचल किती. मोडकं बोलतात. 'ही गो' म्हणतात, 'शी गो' म्हणतात. बोलून बोलून 'गोज' आपोआप जिभेवर येतं, आलंय. मीही त्यांच्याबरोबर शिकतोय, हे सांगायला मला लाज नाही.

मागच्या वर्षी आमच्यातली एक पोरगी दहावीच्या तोंडी परीक्षेला उभी राहिली. प्रश्न तोच. ती म्हणाली, 'माय फादर कट्स शुगरकेन. माय मदर कट्स शुगरकेन. दे वर्क सिक्स मंथ्स. वुई हॅव नो लँड.' सर म्हणाले, 'इनफ, इनफ.' तिला वीसपैकी पंधरा दिले. माझ्यापेक्षा तीन कमी.

त्या पंधरा मार्कांपुढं माझे अठरा मी फाडून टाकतो.

आता मागणी, आणि ती विनंती नाही. माध्यमिक शाळेत आठवड्याच्या इंग्रजीच्या तासांतले दोन तास फक्त बोलण्याचे करा. त्या तासाला गाईड बंद, फळा बंद. तोंडी परीक्षा दाराआड नको, पालकांसमोर घ्या. समाजकल्याणच्या प्रत्येक वसतिगृहात संध्याकाळचा एक तास बोलण्याचा ठेवा. आणि आपल्यातल्या शिकलेल्यांनो, नोकरी लागली म्हणून कॉलनीत दार लावून बसू नका. आठवड्यातून एक संध्याकाळ वस्तीत या. तुम्हाला येतं ते आमचं देणं आहे, ते फेडा.

शाळेनं नाही ऐकलं तर शाळेच्याच व्हरांड्यात जोड्या लावून बसू. मोठ्यानं बोलू. चुकत बोलू. खरं बोलू.

जय भीम.