ब्रेक ऑइललाही मुदत असते

इंजिन ऑइल कधी बदलले आणि कोणते टाकले, हे मोटरसायकल चालवणारा कोणीही पटकन सांगतो. ब्रेक ऑइलबद्दल विचारले की उत्तर येत नाही, कारण पुष्कळदा गाडी घेतल्यापासून ते बदललेलेच नसते. चार-पाच वर्षांच्या गाडीतही शोरूममधून आलेलेच ब्रेक ऑइल सापडते.

ड्रम ब्रेकच्या काळात हे चालून गेले. त्याचे काम केबल किंवा रॉडवर भागत असे, तेलाचा संबंध नव्हता. आता डिस्क ब्रेक साध्या गाड्यांनाही आला आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. ब्रेक सुधारले, देखभालीची सवय मात्र ड्रमच्याच जमान्यातली राहिली.

ब्रेक ऑइल म्हणायलाच ऑइल. बाजारात मिळणारे डॉट ३ किंवा डॉट ४ हे ग्लायकॉल ईथर जातीचे रसायन असते आणि ते हवेतली ओल शोषून घेते. ब्रेकच्या होजच्या रबरातून, ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणाखालून ही ओल हळूहळू आत शिरते. गाडी रोज पळो की पार्किंगमध्ये उभी राहो, त्याने फरक पडत नाही. म्हणून बहुतेक कंपन्या किलोमीटर काहीही झाले असले तरी दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायला सांगतात. कोकणातल्या दमट हवेत तर ही मुदत ओलांडूच नये.

ताजे डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असा निकष आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. शहरातल्या सिग्नलवर हा फरक जाणवत नाही. पण महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना मागे माणूस, सोबत सामान आणि पाय सतत ब्रेकवर असला, की कॅलिपर तापतो आणि आतले पाणी मुरलेले ऑइल उकळू लागते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे पेडल किंवा लिव्हर पूर्ण दाबली जाते आणि गाडी थांबत नाही. यातली सगळ्यात घातक गोष्ट पुढेच आहे. अर्ध्या तासाने कॅलिपर थंड झाला की ब्रेक पुन्हा चांगला लागतो, तपासणाऱ्याला दोष दिसत नाही आणि ठपका चालवणाऱ्यावर येतो.

सर्व्हिसिंगमध्ये ‘ब्रेक ऑइल बघितले’ याचा अर्थ अनेकदा ‘कमी होते, वरून भरले’ एवढाच असतो. त्याने जुन्यातले पाणी निघत नाही. शिवाय पॅड झिजले की टाकीतली पातळी आपोआप खाली जाते. म्हणजे वरून भरणाऱ्याने पॅड झिजल्याची खूणच पुसलेली असते.

हे काम घरी करता येते आणि ज्याला पाना धरता येतो त्याने ते शिकावे. पाव लिटरची सीलबंद डबी, कॅलिपरवरच्या निपलच्या मापाचा रिंग पाना (बऱ्याच गाड्यांना आठचा लागतो), पारदर्शक नळी आणि एक बाटली पुरते. कोणते ऑइल टाकायचे ते टाकीच्या झाकणावरच लिहिलेले असते. डॉट ५ हे सिलिकॉनचे असते, ते यात मिसळायचे नाही.

आधी पेट्रोलची टाकी ओल्या फडक्याने झाकायची, कारण ब्रेक ऑइलचा थेंब रंग उडवतो. पडलाच तर लगेच भरपूर पाणी ओतायचे. झाकणाच्या दोन स्क्रूंची डोकी पटकन खराब होतात, तेव्हा बरोबर मापाचा स्क्रू ड्रायव्हर दाबून धरूनच ते फिरवायचे. सिरिंजने टाकीतले जुने ऑइल काढून नवे भरायचे. मग निपलवर पाना, त्यावर नळी आणि नळीचे टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेले.

खरी मेख यापुढच्या क्रमात आहे. लिव्हर दाबून धरायची, निपल पाव फेरा सैल करायचे, लिव्हर हँडलपर्यंत गेली की आधी निपल बंद करायचे आणि मगच लिव्हर सोडायची. हा क्रम उलटला की बाहेरची हवा आत ओढली जाते. टाकी मधेच रिकामी झाली तरी तेच होते, म्हणून पातळी खालच्या खुणेपर्यंत जाऊ द्यायची नाही. नळीतून आधी कोऱ्या चहाच्या रंगाचे जुने ऑइल येते, मग फिकट पिवळे, स्वच्छ ऑइल येऊ लागते आणि बुडबुडे थांबतात. निपल फार आवळायचे नाही, ते पोकळ असते आणि तुटते.

शेवटी लिव्हर कडक लागते का, हे गाडी ढकलून तपासल्याशिवाय रस्त्यावर यायचे नाही. कितीही हवा काढली तरी लिव्हर मऊच राहिली, निपल गंजले असले किंवा एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली असली, तर ते काम जाणत्या मेकॅनिककडेच न्यावे. तिथे हट्ट उपयोगाचा नाही. काढलेले ऑइल विषारी असते. ते गटारात न ओतता, लेबल लावून, जळके ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला वेगळे द्यावे.

ज्यांना हे घरी करायचे नाही, त्यांनी निदान हक्काने मागावे. जॉब कार्डवर ‘ब्रेक ऑइल बदलले’ अशी वेगळी ओळ आणि तिच्यासमोर तारीख असलीच पाहिजे. ती नसेल तर गाडी ताब्यात घेण्याआधी लिहून घ्या.