नाव झाकलेल्या बाटल्यांची परीक्षा

वाइनच्या बाटलीवरील प्रदेशाचे नाव चाखणाऱ्याच्या मताला आधीच वळण देते, म्हणून ते झाकून केवळ रंग, गंध आणि चव यांवर गुण देण्याची जी पद्धत रूढ झाली, तिची सर्वांत गाजलेली कसोटी २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये लागली. ब्रिटिश व्यापारी स्टीव्हन स्परियर यांनी नऊ फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रान्समधील बोर्दोच्या चार आणि कॅलिफोर्नियाच्या सहा रेड वाइन ठेवल्या. २० पैकी गुण दिले गेले आणि बोर्दोच्या १९७०च्या शातो मुतों-रोथशिल्डला मागे टाकून कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची १९७३ची वाइन पहिली आली. दोघींच्या गुणांतला फरक इतका निसटता होता, की तेवढ्यावरून एखाद्या प्रदेशाचे श्रेष्ठत्व ठरवणे घाईचे होईल. खरा विचारार्ह आक्षेप वयाचा होता: द्राक्षाच्या सालीतून व बियांतून उतरणारे, जिभेला तुरट लागणारे टॅनिन बोर्दोच्या वाइनमध्ये मवाळ व्हायला अनेक वर्षे लागतात, आणि तेवढा अवधी तिला मिळालाच नव्हता, असे म्हटले गेले. मात्र २००६ मध्ये लंडन आणि नापा येथे त्याच वाइन पुन्हा चाखल्या गेल्या, तेव्हा १९७१ची रिज मॉन्टे बेलो पहिली आली आणि वरचे पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाकडे गेले.