वात आणि वाहक प्रथिने

चेतापेशींत संदेश ग्रहण करणारी रिसेप्टर प्रथिने बहुतांशी पेशीच्या मुख्य भागात घडतात. त्यांचे कार्यस्थान मात्र दूरच्या चेतासंधीत असते. स्मृतीशी निगडित एनएमडीए रिसेप्टरचा एक घटक ‘कायनेसिन’ कुलातील वाहक प्रथिन सूक्ष्मनलिकांवरून वाहून नेते, असे जपानी संशोधकांनी २००० साली दाखविले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही सूत्रकृमींच्या चेतापेशींतील वहनाचा अभ्यास चालतो.

‘हाच आपला वात’ असे म्हणण्याचा मोह वैद्यबंधूंनी आवरावा. वात ही आपल्या शास्त्राची व्यापक संकल्पना. कायनेसिन हे एक विशिष्ट प्रथिन. वणीत विस्मृतीच्या वृद्ध रुग्णास मी ब्राह्मी अवश्य देतो; परंतु तिने हे वहन सुधारते, असे त्याच्या मुलास सांगण्याचा अधिकार प्रयोगसिद्ध पुराव्यावाचून आपणांस नाही. रुग्णाचा विश्वास हीच आपली खरी ठेव होय.